नाताळच्या कथेचा जमाखर्च

चार्ल्स डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरोल’ ही छोटेखानी कथा १९ डिसेंबर १८४३ रोजी लंडनच्या चॅपमन अँड हॉल या प्रकाशनसंस्थेने विक्रीस काढली, तेव्हा तिची किंमत पाच शिलिंग होती. आणि त्याच कथेत जो गरीब कारकून, बॉब क्रॅचिट, विझत आलेल्या शेकोटीपाशी गारठलेल्या बोटांनी मालकाची खाती लिहीत बसतो, त्याचा आठवड्याचा पगार पंधरा शिलिंग होता. म्हणजे ज्याच्या दारिद्र्याची करुण कहाणी वाचून सुखवस्तू वाचकांचे डोळे पाणावले, त्याला स्वतःला ते पुस्तक घ्यावयाचे तर आठवड्याच्या मिळकतीचा तिसरा हिस्सा दुकानदाराच्या गल्ल्यात टाकावा लागला असता. या विसंगतीवरून डिकन्सला ढोंगी ठरवणे सोपे आहे, पण त्याने काहीच उलगडत नाही. मला तर तीतच नाताळच्या साऱ्या कथावाङ्मयाचे मर्म दिसते. हे वाङ्मय धर्मपीठापेक्षा पेढीवर अधिक वाढले, छापखान्याच्या, टपालाच्या आणि हंगामी गिऱ्हाइकाच्या आश्रयाने वाढले. आणि तरीही त्यातले जे उत्तम आहे त्याची ऊब खोटी नाही, कारण त्या उबेखाली कोणाच्या तरी उपाशी पोटाचा हिशेब मांडलेला असतो. ज्या कथेतून तो हिशेब पुसून टाकलेला असतो ती गोड लागते आणि पुढच्या डिसेंबरपर्यंत विसरली जाते. शेकोटीपाशी बसून श्रद्धेची, प्रेमाची, जुन्या काळातली एखादी कथा वाचावी असे ज्याला वाटते त्याला चार पुस्तके सुचवायची, तर प्रथम या व्यापाराचा इतिहास सांगणे भाग आहे.

नाताळ हा सण इंग्रजी समाजात अनादि काळापासून अखंड चालत आला असेल अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः १६४७ साली इंग्लंडच्या प्युरिटन पार्लमेंटने नाताळ, ईस्टर आणि व्हिटसन हे सण रद्द करणारा हुकूम काढला. बायबलात ज्याची तिथी सांगितलेली नाही तो दिवस पाळणे ही पोपपंथी अंधश्रद्धा होय, असा त्या कर्मठ मंडळींचा युक्तिवाद होता. अटलांटिकच्या पलीकडे मॅसॅच्युसेट्स वसाहतीत त्यांच्याच भाऊबंदांनी १६५९ साली असा कायदा केला, की जो कोणी काम बंद ठेवून किंवा मेजवानी करून नाताळ साजरा करील त्याच्याकडून पाच शिलिंग दंड वसूल करावा. हा कायदा १६८१ साली उठला. दंडाची रक्कम आणि डिकन्सच्या पुस्तकाची किंमत एकच निघावी हा निव्वळ योगायोग, पण तो मला फार मार्मिक वाटतो. इंग्लंडात राजसत्तेच्या पुनःस्थापनेबरोबर सण परत आला खरा, तथापि त्याची जुनी खेड्यापाड्यांतली शोभा हळूहळू ओसरत गेली. गिरण्यांच्या भोंग्यावर उठणाऱ्या शहरांना बारा दिवसांचा उत्सव परवडण्यासारखा राहिला नव्हता.

अशा वेळी त्या मावळत्या उत्सवाचे जे चित्र इंग्रजी वाचकांच्या मनावर कायमचे ठसले, ते एका अमेरिकन माणसाने काढले, ही इतिहासाची गंमत. वॉशिंग्टन अर्व्हिंग हा न्यूयॉर्कचा गृहस्थ आपल्या भावांच्या व्यापारासाठी लिव्हरपूलला आला होता; १८१८ साली त्या पेढीचे दिवाळे निघाले आणि उदरनिर्वाहाचे साधन म्हणून त्याने लेखणी हाती घेतली. त्याच्या ‘स्केच बुक’मधील नाताळविषयक निबंध १८२० साली प्रसिद्ध झाले. बर्फाळ रस्त्याने धावणारी घोड्यांची गाडी, जुन्या वाड्यातली भली मोठी शेकोटी, पूर्वजांच्या रीती हट्टाने पाळणारा वृद्ध जमीनदार आणि त्याच्या पंगतीला जमलेले आप्त-इष्ट, या साऱ्याला त्याने इतक्या स्निग्धपणे रंगविले, की वाचकाला ही आपलीच आठवण आहे असे वाटावे. वास्तविक त्यातले कितीतरी त्याच्या काळीच जुन्या ग्रंथांतून वेचून आणावे लागत होते. सर वॉल्टर स्कॉटच्या घरी तो राहून आला होता, आणि स्कॉटच्याच शिफारशीने जॉन मरे या प्रकाशकाने त्याचे पुस्तक स्वीकारले. गतकाळाला ललितरूप देण्याची जी विद्या स्कॉटने कादंबरीत सिद्ध केली, तीच अर्व्हिंगने एका सणाला लावली. आणि ऐतिहासिक रम्यकथा व नाताळकथा या दोन शाखांचे मूळ अशा रीतीने एकाच अंगणात सापडते.

याच दशकात दुकानदारांनी आपला डाव टाकला. रुडॉल्फ आकरमन हा लंडनमध्ये स्थायिक झालेला जर्मन प्रकाशक. त्याने आपल्या मायदेशातील खिशात मावणाऱ्या वार्षिकांच्या नमुन्यावर १८२२च्या नोव्हेंबरात ‘फर्गेट-मी-नॉट’ नावाचे वार्षिक काढले. नव्या वर्षाचा आकडा छापलेले हे सुबक पुस्तक नाताळच्या आधी बाजारात येई आणि नजराणा म्हणून दिले जाई. थोड्याच वर्षांत अशा वार्षिकांचा सुळसुळाट झाला, व त्यांतले सर्वांत तोऱ्याचे ‘कीपसेक’ हे लाल रेशमी बांधणीत दिवाणखान्याच्या मेजावर विराजमान होऊ लागले. तांब्याच्या पत्र्याऐवजी पोलादी पत्र्यावर कोरलेली चित्रे हजारो प्रती काढल्या तरी झिजत नसत, म्हणून चित्र आधी कोरून घ्यावे आणि त्याला शोभेल अशी कथा किंवा कविता मागाहून एखाद्या नामांकित लेखकाकडून लिहवून घ्यावी, असा उफराटा व्यवहार रूढ झाला. स्कॉटला ‘कीपसेक’ने पाचशे पौंड दिले; वर्ड्स्वर्थ आणि कोलरिजही त्या मोहापासून सुटले नाहीत. जॉर्ज एलियटने ‘मिडलमार्च’मध्ये एक तरुण आपल्या मनातल्या मुलीपुढे हे वार्षिक मोठ्या आविर्भावाने ठेवतो आणि दुसरा त्याची टर उडवतो, असा प्रसंग घातला आहे, त्यावरून या पुस्तकांचा उपयोग वाचण्यासाठी किती आणि प्रणयाराधनासाठी किती, याचा अंदाज येतो. त्यांतील बहुतेक मजकूर आज कोणी उघडूनही पाहात नाही. परंतु नाताळात पुस्तक द्यायचे असते, ही सवय त्यांनीच लावली.

डिकन्सने या तयार बाजारपेठेत पाऊल टाकले ते १८४३च्या शरद ऋतूत, आणि ते अडचणीत सापडून. ‘मार्टिन चझलविट’ या मासिक हप्त्यांनी निघणाऱ्या कादंबरीचा खप मनाजोगता नव्हता, प्रकाशक महिन्याच्या दोनशे पौंडांतून पन्नास कापून घेण्याची भाषा करू लागले होते, आणि घरी पाचवे अपत्य येऊ घातले होते. पण तेवढेच कारण नव्हते. त्याच वर्षी खाणींत आणि कारखान्यांत राबणाऱ्या मुलांची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाचा दुसरा अहवाल प्रसिद्ध झाला होता. तो वाचून हादरलेल्या डिकन्सने गरिबांच्या मुलांच्या वतीने जनतेला आवाहन करणारे एक चोपडे लिहिण्याचे योजले, आणि मग तो बेत बाजूला सारून वर्षअखेरीपर्यंत थांबावे, अधिक जोराचा आघात करता येईल, असे ठरविले. ऑक्टोबरच्या आरंभी मँचेस्टरच्या अथेनियम संस्थेत कामकऱ्यांच्या शिक्षणावर त्याचे भाषण झाले, त्या सुमारास कथेची कल्पना पक्की झाली. आणि रात्री सारे शहर निजल्यावर लंडनच्या गल्ल्यांतून पंधरा-पंधरा मैल पायपीट करीत, कधी हसत कधी रडत, सहा आठवड्यांत त्याने ती लिहून काढली. अहवालातील आकडे कथेत कोठेच नाहीत. त्यांच्याऐवजी नाताळच्या भूताच्या झग्याखाली चिकटून बसलेली दोन खंगलेली मुले आहेत.

पुस्तक देखणे झाले पाहिजे, हा डिकन्सचा हट्ट होता, आणि छपाईचा खर्च त्याने स्वतःच्या शिरावर घेतला होता. जॉन लीचची आठ चित्रे, त्यांपैकी चार हातांनी रंगविलेली. तांबूस कापडी बांधणीवर सोनेरी अक्षरे, पानांच्या कडांना सोनेरी मुलामा. पुठ्ठ्याच्या आतली पाने प्रथम हिरवी घातली होती. पण त्यांचा रंग बोटांना लागू लागला, तेव्हा ती काढून पिवळी घातली गेली, आणि मुखपृष्ठाच्या आतील शीर्षकपत्राची शाईही बदलून तांबडी-निळी करण्यात आली. हे सारे सोपस्कार नाताळला जेमतेम काही दिवस उरले असताना चालले होते. सहा हजार प्रतींची पहिली आवृत्ती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपली. डिकन्सला हजार पौंड मिळण्याची उमेद होती. प्रकाशकांनी हिशेब पुढे ठेवला तेव्हा नुसते चित्रे रंगविण्याचे एकशे वीस पौंड आणि बांधणीचे एकशे ऐंशी पौंड खर्ची पडलेले दिसले, आणि हाती उरले ते दोनशे तीस पौंड. बॉबच्या कंजूष मालकाला, स्क्रूजला, उदार बनविणाऱ्या लेखकाने तो जमाखर्च पाहून रात्र तळमळत काढली, यात मला हास्यास्पद असे काही दिसत नाही. ज्याने लहानपणी बाप कर्जापायी तुरुंगात गेलेला पाहिला होता त्याला पैशाचे भय असणारच.

त्यावर आणखी एक आघात झाला. नव्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात ‘पार्लेज् इल्युमिनेटेड लायब्ररी’ या दोन पेन्सच्या साप्ताहिकाने त्याची कथा थोडीफार फिरवून स्वतःची म्हणून छापली. डिकन्सने चॅन्सरी न्यायालयात फिर्याद केली, कज्जा जिंकला, आणि प्रतिवादींनी लगेच दिवाळे जाहीर केले. परिणामी खर्चाचे सातशे पौंड विजयी फिर्यादीलाच भरावे लागले. चोरी ती चोरीच, आणि लेखकाच्या हक्काची ती उघड पायमल्ली होती. तरी एवढे म्हणावेसे वाटते, की दोन पेन्सना मिळणारी ती चोरटी प्रतच कोणा खऱ्या बॉब क्रॅचिटच्या हाती पडण्याचा संभव अधिक होता.

ही गोष्ट डिकन्सच्या ध्यानात आल्यावाचून राहिली नसावी. पुढील पाच वर्षांत त्याने ‘द चाइम्स’सह आणखी चार नाताळपुस्तके पाच-पाच शिलिंगांना काढली, पण १८५० साली ‘हाउसहोल्ड वर्ड्‌स’ हे दोन पेन्सचे साप्ताहिक सुरू केल्यावर नाताळची कथा त्याने पुस्तकातून काढून साप्ताहिकाच्या विशेष अंकात नेली. येथून नाताळ अंकाचे युग सुरू होते. सरकारने जाहिरातींवरील कर १८५३ साली, वृत्तपत्रांवरील मुद्रांक १८५५ साली आणि कागदावरील जकात १८६१ साली उठविली; रेल्वे स्थानकांवर डब्ल्यू. एच. स्मिथची पुस्तकविक्रीची दालने उभी राहिली; पेनी टपालाने १८४० पासूनच पत्रव्यवहार स्वस्त केला होता. या सर्वांचा मिळून परिणाम असा झाला, की डिकन्सच्या नंतरच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकाच्या नाताळ अंकाचा खप तीन लाखांच्या घरात जाऊ लागला. एक चौकट डिकन्सने आखावी, म्हणजे एखादी खानावळ, एखादे रेल्वे जंक्शन, आणि त्या चौकटीत निरनिराळ्या लेखकांनी आपापली कथा बसवावी, अशी त्याची घडण असे. एलिझाबेथ गॅस्केलची ‘द ओल्ड नर्सेस स्टोरी’ ही बर्फात रडत फिरणाऱ्या मुलीची भयकथा १८५२च्या अंकातली, आणि बोगद्याच्या तोंडाशी एकाकी उभ्या असलेल्या सिग्नलवाल्याची प्रसिद्ध कथा १८६६च्या ‘मग्बी जंक्शन’ अंकातली. अनुकरणांचा पूर आला तेव्हा डिकन्सलाच वीट आला आणि १८६७च्या अंकानंतर त्याने हा उद्योग थांबविला. इतरांनी मात्र तो थांबविला नाही. अँथनी ट्रॉलप आत्मचरित्रात कुरकुरतो, की मागणीबरहुकूम नाताळची कथा लिहिताना आपली अवस्था अंत्यसंस्काराचे सामान पुरविणाऱ्या कारागिरासारखी होते. ते कबूल करूनही त्याने त्या कथा लिहिल्याच. ‘बीटन्स ख्रिसमस ॲन्युअल’ने १८८७ साली एका अपरिचित डॉक्टरची कादंबरी पंचवीस पौंडांत सर्व हक्कांसह विकत घेऊन एक शिलिंगाच्या अंकात छापली. ती ‘अ स्टडी इन स्कार्लेट’. शेरलॉक होम्सचा जन्म असा नाताळच्या बाजारात झाला.

सिग्नलवाल्याची कथा ज्या अंकात आली त्याच अंकात फिरत्या टपाल-डब्याची एक कथा आहे, आणि तिची लेखिका हेस्बा स्ट्रेटन हिच्याजवळ थोडे थांबले पाहिजे, कारण श्रद्धेचा प्रवाह या नदीला येऊन मिळतो तो तिच्या रूपाने. सॅरा स्मिथ हे तिचे मूळ नाव. त्याच १८६६ साली रिलिजस ट्रॅक्ट सोसायटीच्या ‘संडे ॲट होम’मध्ये तिची ‘जेसिकाज् फर्स्ट प्रेअर’ क्रमशः निघाली. मद्यपी नटीची उघड्यावर टाकलेली लहान पोर, पहाटे कॉफीची गाडी लावणारा एक माणूस, आणि तोच माणूस रविवारी प्रतिष्ठितांच्या प्रार्थनामंदिराची व्यवस्था पाहणारा, पण आपल्या गाड्याची गोष्ट त्या मंडळींपासून लपवून ठेवणारा, एवढ्या सामग्रीवर तिने असे काही उभारले, की त्या पुस्तकाच्या लक्षावधी प्रती खपल्या. ज्या धर्मनिष्ठ घरांत कादंबरी हे सैतानाचे हत्यार समजले जाई त्या घरांत ही कथा रविवारच्या शाळेचे बक्षीस म्हणून शिरली. आणि कथेचा खरा रोख त्या घरांवरच होता: फाटक्या कपड्यांतल्या पोरीला आत घ्यायचे की नाही, याची परीक्षा मंदिरात बसणाऱ्यांचीच होते. मुलांवरील क्रौर्याला आळा घालणारी संस्था १८८४ साली लंडनमध्ये निघाली तेव्हा तिच्या संस्थापकांत स्ट्रेटन होती, हे ध्यानात घेतले म्हणजे तिच्या करुणेला नुसते भाबडेपण म्हणता येत नाही.

अमेरिकेत याच सुमारास लुइझा ऑल्कॉटची ‘लिटल विमेन’ (१८६८) आली. एके काळी जेथे नाताळ पाळल्याबद्दल पाच शिलिंग दंड होता त्या मॅसॅच्युसेट्समधली ही कादंबरी नाताळच्याच तोंडावर, यंदा भेटी मिळणार नाहीत या तक्रारीने उघडते. बाप यादवी युद्धाच्या छावणीत आहे, आणि सकाळचा फराळ मुली उचलून उपाशी शेजाऱ्यांना नेऊन देतात. ल्यू वॉलेसची ‘बेन-हर’ (१८८०) तर मुळातच नाताळकथेतून फुटली. या निवृत्त सेनापतीने प्रथम तीन ज्ञानी पुरुषांच्या भेटीचा प्रसंग एका मासिकासाठी म्हणून लिहून ठेवला होता. पुढे आगगाडीत रॉबर्ट इंगरसॉल या प्रख्यात नास्तिकाशी रात्रभर वाद झाला, आपल्याला आपल्याच धर्माविषयी काही ठाऊक नाही याची त्याला लाज वाटली, आणि त्या टिपणाभोवती त्याने रोमन साम्राज्यातील ज्यू तरुणाची सूडकथा विणली. तिचा शेवटचा भाग न्यू मेक्सिको प्रांताचा गव्हर्नर असताना सांता फेच्या सरकारी वाड्यात, दिवसाची कचेरी आटोपल्यावर लिहिला गेला. आरंभी खप मंद होता. मग चर्चमधून तिची शिफारस होऊ लागली, आणि १९१३ साली सिअर्स रोबक या टपालाने माल पाठविणाऱ्या पेढीने तिच्या दहा लाख प्रती एकदम मागविल्या. रथांच्या शर्यतीपायी आज तिचे नाव टिकले आहे. मला विचाराल तर तिचे वर्णनाचे ओझे अलीकडच्या वाचकाला पेलवत नाही, पण पहिला भाग स्वतंत्र कथा म्हणून वाचावा.

मराठी वाचकाचा या इतिहासाशी संबंध दोन ठिकाणी येतो, आणि दोन्ही ठिकाणी तो जवळचा आहे. बाबा पद्मनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाली. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव प्रत्येक विद्यार्थी घोकतो, वाचणारे थोडे. हिंदू विधवांच्या स्थितीचे निरूपण हा तिचा प्रकट हेतू; पण यमुना आणि विनायक या सुशिक्षित दांपत्याचे परस्परप्रेम, त्यांचा प्रवास, वाटेत भेटणाऱ्या केशवपन झालेल्या स्त्रियांच्या एकाहून एक दारुण हकिकती, यमुनेचे वैधव्य, तिचा ख्रिस्ती धर्माचा स्वीकार आणि पुनर्विवाह, हा क्रम पाहिला म्हणजे पाश्चात्त्य देशांत पुढे जिला श्रद्धाप्रेरक प्रेमकथा म्हणून वेगळा कप्पा मिळाला, ती आपल्याकडे कादंबरीच्या जन्माबरोबरच अवतरली होती असे म्हणावे लागते. तिची धर्मप्रचारकी बाजू न पटणाऱ्यालाही तिच्यातल्या विधवांचे जबाब खोटे म्हणता येणार नाहीत. दुसरा संबंध काशिनाथ रघुनाथ मित्र यांचा. ‘मनोरंजन’च्या या संपादकाने इंग्रजी नियतकालिकांचे नाताळ अंक पाहिले, आणि आपल्या सणाला असा अंक का असू नये या विचाराने १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात महाराष्ट्रात जी अंकांची रास पडते, जाहिरातदारांच्या मागे संपादकांची जी धावपळ चालते आणि लेखकांना कथेसाठी जो तगादा लागतो, त्याची वंशावळ अशी थेट लंडनच्या नाताळ अंकापर्यंत पोचते. ट्रॉलपची कुरकुर आपल्या लेखकांना परकी वाटू नये ती म्हणूनच.

विसाव्या शतकात श्रद्धाप्रेरक प्रेमकथेची शाखा विशेष फोफावली ती अमेरिकेत. ग्रेस लिव्हिंग्स्टन हिल ही पाद्रीकन्या. १८९९ साली पती वारला, पदरात दोन मुली, तेव्हा लेखणीवर संसार चालवायचा तिने निश्चय केला, आणि १९४७ साली मरेपर्यंत शंभराच्या वर पुस्तके लिहिली. ‘मार्सिया शायलर’ (१९०८) ही तिची ऐतिहासिक कादंबरी मला तिच्या साऱ्या पसाऱ्यात सरस वाटते: लग्नाच्या आदल्या दिवशी वधू दुसऱ्याबरोबर पळून जाते आणि तिची सतरा वर्षांची धाकटी बहीण तिच्या जागी उभी राहते, परक्या गावात, आपल्यावर प्रेम नसलेल्या भल्या माणसाच्या घरात ती मुलगी हळूहळू कशी रुजते याचे चित्रण संयमाने केले आहे. जॅनेट ओक या कॅनेडियन लेखिकेची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ १९७९ साली बेथनी हाउसने काढली, आणि धार्मिक प्रकाशकांना पहिल्यांदाच समजले, की चुंबनावाचूनही प्रेमकथा लाखांनी खपते. गवताळ माळरानावर नवरा गमावलेली गरोदर तरुणी, लहान मुलीचा विधुर बाप, आणि दोघांनी निव्वळ सोयीसाठी केलेले लग्न, ही त्या कथेची मांडणी पुढे शेकडो लेखिकांनी गिरविली. येथे माझी तक्रार आहे. ज्या माळरानावर हे वसाहतकरी लाकडी घरे बांधतात, प्रार्थना म्हणतात आणि हिवाळ्याशी झुंजतात, ती जमीन आधी कोणाची होती, हा प्रश्न या जातीच्या बहुतेक पुस्तकांत कोणाच्या मनातही येत नाही. १८६२च्या होमस्टेड कायद्याने वाटलेली एकशे साठ एकरांची राने रिकामी नव्हती. देवावर अढळ भरवसा ठेवणाऱ्या पात्रांना शेजारच्या विस्थापिताची आठवण होऊ नये, हे श्रद्धेच्या दृष्टीनेही उणेपणाचे लक्षण आहे.

इंग्लंडात नाताळच्या उबेला खुनाची जोड देण्याची रीत पडली, आणि ‘नाताळला ख्रिस्ती’ ही ॲगाथा ख्रिस्तीच्या प्रकाशकाची जाहिरात झाली. ‘हर्क्यूल पॉयरोज् ख्रिसमस’ (१९३८) तिने आपल्या मेहुण्याला अर्पण केले ते तिच्या कथांत रक्त फार थोडे असते या त्याच्या तक्रारीवर उत्तर म्हणून. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात एम. आर. जेम्स नाताळच्या पूर्वसंध्येला मेणबत्तीच्या उजेडात मित्रांना भूतकथा वाचून दाखवी, त्या रिवाजाची ही रीत दूरची पुतणी. आइसलंडमध्ये तर सारा देशच या व्यवहारात ओढला गेला आहे: दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इतर वस्तूंची टंचाई असताना कागद मात्र मिळत होता, म्हणून भेटीदाखल पुस्तक देण्याची चाल पडली, आणि १९४४ पासून तेथील प्रकाशकांची सूची दर वर्षी घरोघर पोचू लागली.

आता सुचवायचेच तर असे. ज्याच्याजवळ एकच संध्याकाळ आहे त्याने ‘अ ख्रिसमस कॅरोल’ मुळातून वाचावी, संक्षेप वाचू नये, कारण संक्षेपात ती झग्याखालची दोन मुले बहुधा गाळलेली असतात. ज्याला प्रेमाची कथा हवी पण वेळ थोडा आहे, त्याने ओ. हेन्रीची ‘द गिफ्ट ऑफ द मॅजाय’ घ्यावी. १९०५च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीसाठी लिहिलेल्या त्या कथेत नायिकेच्या हाती एक डॉलर सत्त्याऐंशी सेंट असतात आणि लेखक ते तिला पुन्हा पुन्हा मोजायला लावतो. सवडीने वाचणाऱ्याने ‘लिटल विमेन’ आणि त्यानंतर ‘मार्सिया शायलर’ हा क्रम ठेवावा. जेसिकाची कथा मुलांना वाचून दाखवण्याजोगी आहे. आणि या साऱ्यांच्या आधी, मराठी वाचकाने ग्रंथालयातून ‘यमुनापर्यटन’ मागून घ्यावे. ते दीडशे वर्षांहून जुने आहे, भाषा थोडी ओबडधोबड आहे, परंतु पहिली वीस पाने नेटाने ओलांडली की यमुना आपल्याला सोडत नाही.